हुकूम आणि देव्हारा

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेकाठी माचणूर आणि ब्रह्मपुरी ही गावे लागतात. मे १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत औरंगजेबाची मुख्य छावणी इथे होती. दख्खन मोडायला उतरलेला बादशहा चार वर्षांहून अधिक काळ इथून मोहिमा चालवत होता, आणि ब्रह्मपुरीचे नाव त्याने इस्लामपुरी करून टाकले होते. नाव बदलणे सोपे होते. फौज बदलणे त्याला परवडणारे नव्हते. त्याच्या कारकिर्दीच्या या उत्तरार्धात वरच्या दर्जाच्या मनसबदारांत जवळजवळ एक तृतीयांश हिंदू होते आणि त्यांत राजपुतांपेक्षाही मराठ्यांची संख्या मोठी होती. इस्लामपुरीतून सुटणारे हुकूम बजावणाऱ्यांत याच मुलखातली घराणी होती. औरंगजेबाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत असाही एक प्रसंग येतो, की शिया अधिकाऱ्यांच्या जागी आपली नेमणूक व्हावी अशी धर्माच्या नावाने गळ घालणाऱ्या एका सरदाराला त्याने, राज्यकारभारात धर्म कशाला आणता, अशा अर्थाने फटकारले. त्या आठवणींच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे. पण छावणीला आपल्या धर्माचे नाव देणारा सेनानायक आणि बढतीच्या अर्जात धर्म नको म्हणणारा सेनानायक एकच माणूस असू शकतो, यात मला अशक्य काही वाटत नाही. फौज चालवणाऱ्या प्रत्येकाला ही ओढाताण कधी ना कधी सोसावी लागते. माचणूरच्या किल्ल्याशेजारचे सिद्धेश्वराचे देऊळ अजून उभे आहे आणि इस्लामपुरी हे नाव गावाने केव्हाच टाकून दिले.

सेनापतीने आपला धर्म किती दाखवावा, कुठे दाखवावा आणि कोणत्या कपड्यांत दाखवावा, हा या संग्रहातल्या लेखांचा विषय आहे. वरवर पाहता तो शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो हुकुमाचा प्रश्न आहे. पलटणीत कमांडिंग ऑफिसरच्या हातात जवानाची रजा असते, कोर्सची शिफारस असते, वार्षिक गोपनीय अहवाल असतो आणि प्रसंगी त्याचा जीवही असतो. असा माणूस ‘संध्याकाळी आरतीला या’ म्हणतो तेव्हा ते आमंत्रण राहत नाही. घरमालकाच्या सत्यनारायणाला भाडेकरू जातो, त्याला निदान दुसरे घर शोधता येते. जवानाला दुसरी पलटण शोधता येत नाही. लष्करी हुकुमाचे वजन सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. १२ मे १९३० पासून ३० जूनपर्यंत या शहराने मार्शल लॉ भोगला आहे आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची नावे आजही इथे एका दमात घेतली जातात. तेव्हा माझे म्हणणे आधीच मांडतो. सैन्याची धर्मनिरपेक्षता म्हणजे सेनापतीला धर्म नसणे नव्हे. जवानांच्या श्रद्धेसाठी खाली वाकणे हा त्याच्या कामाचा भाग आहे. स्वतःच्या श्रद्धेला हुकुमाची उंची देणे हा त्या कामाचा भंग आहे. आणि हुद्दा जसजसा वाढतो, तसतशी या दुसऱ्या बाबतीतली त्याची मोकळीक कमी व्हायला हवी. आपल्याकडे सध्या नेमके उलटे घडते आहे.

मराठी वाचकासाठी पहिला पुरावा घरचाच आहे, आणि तो शत्रूच्या लेखणीतून आलेला असल्यामुळे अधिक भरवशाचा आहे. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार. शिवाजी महाराजांविषयी लिहिताना तो शिव्याशापांत कसूर करत नाही. तोच खाफीखान नोंदवतो, की लुटीला बाहेर पडलेल्या सैनिकांनी मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना हात लावू नये असा महाराजांचा दंडक होता, आणि कुराणाची प्रत सापडलीच तर ती अदबीने आपल्या मुसलमान चाकराच्या हाती दिली जाई. मला इथे औदार्यापेक्षा हुकूम महत्त्वाचा वाटतो. महाराजांची भवानीवरची भक्ती उघड होती आणि १६७४ चा राज्याभिषेक हा मंत्रोच्चारांसह झालेला वैदिक विधी होता, त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. पण फौजेला दिलेला हुकूम त्या भक्तीतून निघत नव्हता. तो निघत होता फौजेच्या घडणीतून: पायदळात नूर बेगसारखा सरनोबत, आरमारात दौलतखान. यावर कोणी म्हणेल, की सतराव्या शतकातल्या छत्रपतीला आजच्या घटनात्मक कसोटीवर चढवणे हा कालविपर्यास आहे. हरकत रास्त आहे. राजा स्वतःच सार्वभौम होता. आजचा जनरल घटनेचा चाकर आहे. पण ज्याला कोणी जाब विचारणारे नव्हते त्याने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा, ज्याला जाब द्यावा लागतो त्याने निदान तेवढी तरी पाळावी, इतकाच माझा मुद्दा आहे.

कंपनी सरकारला हे फार महागात पडून कळले. मद्रास फौजेचा सरसेनापती सर जॉन क्रॅडक याने शिपायांनी गंध लावू नये, दाढी काढावी, कानांतली कुंडले उतरवावीत आणि नवी पगडी घालावी असे फर्मान काढले. त्याच्या मते तो निव्वळ एकसारखेपणाचा प्रश्न होता. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले, शंभरावर गोरे सैनिक मारले गेले, आणि क्रॅडकबरोबर गव्हर्नर बेंटिंकलाही परत बोलावण्यात आले. पुढे तीस वर्षांनी त्याच मद्रासेत उलटा पेच पडला. देवळांच्या उत्सवांना कंपनीच्या पलटणी मानवंदना देत, तोफा झडत. ख्रिस्ती सैनिकांना या समारंभांत उभे राहायला लावणे आपल्या विवेकाला पटत नाही, म्हणून सरसेनापती सर पेरिग्रिन मेटलंड याने राजीनामा दिला. आणि १८५७ साली बराकपूरला चौतिसाव्या बंगाल पलटणीचा कमांडर कर्नल व्हीलर हा शिपायांना येशूची शिकवण सांगत असे. मंगल पांडे याच पलटणीचा. त्याच्या २९ मार्चच्या बंडानंतर सरकारने खुलासा मागितला, तेव्हा व्हीलरने काही नाकारले नाही. वीसेक वर्षे आपण हे करत आलो, सरकारचे देणे सरकारला आणि देवाचे देवाला, दोन्ही कर्तव्ये निराळी आहेत, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. गव्हर्नर जनरल कॅनिंगने त्याला पलटण सांभाळायला नालायक ठरवले. व्हीलरने कोणावर बळजबरी केल्याचा आरोप नव्हता. तो मनापासून मानत होता की बाजारात बोलणारा भाविक व्हीलर वेगळा आणि परेडवर हुकूम देणारा कर्नल व्हीलर वेगळा. शिपायाला मात्र दोन व्हीलर दिसत नव्हते. काडतुसांना चरबी लावल्याची अफवा पसरायला जी भुसभुशीत जमीन लागते, ती अशा सद्भावी माणसांनीच नांगरून ठेवली होती.

आजच्या भारतीय सैन्याची रीत या दोन्ही चुकांतून शिकून बनली. क्रॅडकसारखी सगळ्यांची गंधे पुसायची नाहीत आणि व्हीलरसारखे आपले गंध दुसऱ्याला लावायचे नाही. म्हणून पलटणीत जवानांच्या धर्माप्रमाणे मंदिर, गुरुद्वारा किंवा मशीद असते, मिश्र तुकड्यांत एकाच छताखाली ‘सर्वधर्म स्थळ’ असते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या हुद्द्यावर भरती केले जातात आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. चौघांना तिथे परस्परांच्या शेजारी बसून शिकावे लागते, ही त्यातली खरी मेख आहे. अधिकारी कोणत्याही धर्माचा असो, मंदिर परेडला तो आपल्या जवानांच्या देवापुढे उभा राहतो. गोरखा पलटणीतला मुंबईचा कॅथलिक मेजर इयान कार्डोझो ‘जय महाकाली’च्या घोषात लढला. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पूर्वीच्या पलटणींत दख्खनी मुसलमानांची भरती होत असे, आणि त्याच रेजिमेंटमध्ये १९५४ साली दाखल झालेला एक शीख अधिकारी शिवाजी महाराजांच्या जयजयकारात वाढला. युद्धघोष पलटणीचा असतो. तिथे येणारा अधिकारी तो उचलतो. आपला स्वतःचा घेऊन येत नाही.

तो शीख अधिकारी म्हणजे कुलदीपसिंग ब्रार. जून १९८४ मध्ये मेजर जनरल ब्रार यांच्या डिव्हिजनला अमृतसरला सुवर्णमंदिरात शिरावे लागले, तेव्हा सरसेनापती होते अरुणकुमार वैद्य, मराठी माणूस, ज्यांची पुढे १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात हत्या झाली. ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ या त्या कारवाईचे राजकारण आणि तिचे शहाणपण हा वेगळा ग्रंथ होईल. इथे मला एकच गोष्ट हवी आहे. ब्रार यांनी स्वतः लिहिले आहे की हल्ल्याआधी त्यांनी प्रत्येक पलटणीपुढे जाऊन सांगितले: ज्याच्या श्रद्धेला हे पटत नाही त्याने बाजूला व्हावे, त्याच्यावर कसलीही कारवाई होणार नाही. कोणी बाजूला झाले नाही. उलट एका तरुण शीख अधिकाऱ्याने आधी आपल्याला आत जाऊ द्या अशी मागणी केली. शंकेखोर वाचक विचारेल, की रांगेत उभ्या असलेल्या जवानाला त्या घटकेला खरोखर ‘नाही’ म्हणता आले असते का? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याच आठवड्यात दूरच्या काही शीख पलटणींत बंड झाले, रामगढच्या केंद्राचे ब्रिगेडियर मारले गेले, हेही विसरता येत नाही. तरीही, सैन्याच्या इतिहासातल्या इतक्या अवघड पहाटे एका सेनानीला हा पर्याय तोंडाने उच्चारावासा वाटला, याला मोल आहे. नकाराची किंमत काय पडेल हे सांगण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे होता आणि ती किंमत शून्य असल्याचे त्याने सांगितले.

आता २०२५ सालाकडे येऊ. त्या एका वर्षात दोन घटना घडल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज आपण आज कुठे उभे आहोत हे कळत नाही. पहिली लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन यांची. मार्च २०१७ मध्ये ते थर्ड कॅव्हलरीत रुजू झाले आणि शीख जवानांच्या तुकडीचे ट्रूप लीडर झाले. मंदिर आणि गुरुद्वाऱ्याच्या परेडला ते जवानांबरोबर जात, जोडे काढत, पगडी बांधत. पण आपल्या एकेश्वरी श्रद्धेमुळे गाभाऱ्यात शिरून पूजेत भाग घेणार नाही, एवढी सूट मागत. वरिष्ठांनी समजावले, पाद्र्याकरवीही सांगून पाहिले. ३ मार्च २०२१ रोजी त्यांना आर्मी ॲक्टच्या कलम १९ खाली, पेन्शन-ग्रॅच्युइटीविना, बडतर्फ करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० मे २०२५ ला आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबरला हा निर्णय कायम ठेवला. न्यायालयांचे म्हणणे असे, की हा धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न नसून कायदेशीर हुकुमाच्या अवज्ञेचा आहे; अधिकाऱ्याने आपली श्रद्धा जवानांच्या एकजुटीच्या वर ठेवली. घटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याची मुभा संसदेला दिली आहे, आणि एवढ्या बाबतीत कोर्टाचा निकाल मला अनपेक्षित वाटत नाही. दुसरी घटना त्याच मे महिन्याच्या अखेरची. पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरला महिनाही झाला नव्हता. सरसेनापती जनरल उपेंद्र द्विवेदी गणवेशात चित्रकूटला जगद्गुरू रामभद्राचार्यांच्या आश्रमात गेले. आचार्यांनी नंतर सांगितले की आपण त्यांना राममंत्राची दीक्षा दिली आणि दक्षिणा म्हणून पाकव्याप्त काश्मीर मागितला. वाहिन्यांनी ते दिवसभर कौतुकाने दाखवले.

कमलेसन यांच्याबाबत माझे मत कोर्टापेक्षा थोडे वेगळे आहे. उंबऱ्यापर्यंत येऊन टोपी-जोड्याचा सगळा मान राखणाऱ्या अधिकाऱ्यासाठी एखाद्या शहाण्या कर्नलने गाभाऱ्याच्या दोन हातांची जागा सोडली असती, असे वाटते. मेटलंडला सरसेनापती असल्यामुळे मानाने राजीनामा देता आला. लेफ्टनंटाला ती चैन नव्हती. पण ते बाजूला ठेवू आणि कोर्टाचे तत्त्व जसेच्या तसे मान्य करू: अधिकाऱ्याची वैयक्तिक श्रद्धा गणवेशाच्या खाली राहिली पाहिजे. मग हे तत्त्व खांद्यावरचे तारे वाढले की विरघळते कसे? एका तुकडीच्या जवानांपुढे आपली श्रद्धा आवरली नाही म्हणून एकाची नोकरी जाते, आणि दहा लाखांहून मोठ्या सैन्याच्या प्रमुखाची श्रद्धा गणवेशासकट पडद्यावर येते तेव्हा आपण त्याला संस्कृती म्हणतो. पहिल्याने जवानांच्या देवाला नाकारले आणि दुसऱ्याने कोणालाच नाकारले नाही, हा फरक कोणी दाखवील. तो खरा आहे, पण अपुरा आहे. चित्रकूटला सरसेनापती कोणत्या जवानांच्या वतीने गेले होते? नागालँडच्या बाप्टिस्ट जवानाच्या, जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीतल्या मुसलमान सुभेदाराच्या, लडाख स्काउट्समधल्या बौद्ध शिपायाच्या? त्यांचे मत कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी ते सांगू शकले नसते. शिवाय दक्षिणा म्हणून भूभाग मागितला गेला, म्हणजे मोहिमेचे उद्दिष्टच गुरुदक्षिणेच्या भाषेत बोलले गेले. ते आचार्यांचे शब्द होते, जनरलांचे नव्हेत, हे मान्य. पण गणवेशाने तिथे हजर राहून त्या शब्दांना मंच दिला.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. सगळ्यांत दमदार आक्षेप असा, की मरणाच्या तोंडी जाणाऱ्या माणसाला श्रद्धाच उभे करते. सेनापतीची श्रद्धा दिसली तर फौजेचे मनोबल वाढते. वाढत असेल; पण कोणाचे? ज्याचा देव आणि साहेबाचा देव एक आहे त्याचे. उरलेल्याला त्याच क्षणी कळते की आपण या घरात पाहुणे आहोत. पलटणीचा देव या दोषातून सुटतो, कारण तो सामाईक असतो आणि साहेबाच्या बदलीबरोबर बदलत नाही. दुसरा आक्षेप असा, की लष्करी अधिकारी पूर्वीपासून गुरुद्वाऱ्यांत, दर्ग्यांत, देवळांत जात आले आहेत, मग आजच ओरड का? पण अमृतसरला माथा टेकवणारा हिंदू कोअर कमांडर आपल्या जवानांना आणि त्या मुलखातल्या लोकांना मान देत असतो. स्वतःच्या गुरूकडे तो स्वतःसाठी जातो. ते जाणेही त्याचा हक्कच आहे, फक्त सुटीच्या दिवशी आणि साध्या कपड्यांत. तिसरी हरकत उलट्या दिशेने येते: एवढी कटकट आहे तर सैन्यातून धर्मच काढून टाका, मंदिरे बंद करा, घोषणा बदला. त्याचे उत्तर वेल्लोरला मिळाले आहे. तिथून परत जायचे कारण मला दिसत नाही.

हा रोग एकट्या आपला नाही. अमेरिकेत लेफ्टनंट जनरल विल्यम बॉयकिन चर्चमधून, बरेचदा गणवेशात, दहशतवादाविरुद्धचे युद्ध सैतानाविरुद्धचे असल्याचे सांगत हिंडला, तेव्हा २००४ साली पेंटागॉनच्या चौकशीत त्याने नियम मोडल्याचा निष्कर्ष निघाला. आठ वर्षांनी तिथल्या हवाई दलाने लिहूनच ठेवले, की कोणत्याही पातळीवरच्या नेतृत्वाने आपल्या पदाचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये, आणि तसा भासही होऊ देऊ नये. ‘भास’ हा शब्द नियमात घालणाऱ्याला व्हीलरचा किस्सा ठाऊक असो वा नसो, त्याला शिपायाचे डोळे ठाऊक होते. नियम केल्याने तिथला प्रश्न मिटला, असे नव्हे. तो दर काही वर्षांनी उसळतोच. पण निदान तक्रार करणाऱ्याच्या हातात एक कलम असते.

लष्करी माणसाने आपली भक्ती पूर्ण ताकदीने व्यक्त करायची म्हटली तर ती कशी असू शकते, याचे उदाहरण दर आषाढीला आपल्या जिल्ह्यातून चालत जाते. आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. ती चाकरी सोडून ते आळंदीला राहिले, आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजची लष्करी शिस्त त्यांनी दिली: दिंड्यांचे क्रमांक, तुतारी, तळ, आणि बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व. नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या तळांवर समाजआरतीला चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिने टाळ वाजवतच राहायचे, अशी वहिवाट आहे. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, आणि त्यानंतरच आरती होते. फौजेतून आलेल्या माणसाने घडवलेल्या या व्यवस्थेत शिस्त न मोडता ‘नाही’ म्हणायला जागा ठेवलेली आहे. ही जागा नेमकी कोणी सुरू केली यावर वाद घालायचे कारण नाही. हैबतबाबांनी फौजेची शिस्त देवाकडे नेली, देवाला फौजेच्या हुकुमात आणले नाही, आणि त्याआधी कमरेचा पट्टा सोडला.

शेवटी मराठी वाचकाची स्वतःची परीक्षा. २६ डिसेंबर २०२४ रोजी लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी, सुमारे १४,३०० फुटांवर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ते करणारे चौदाव्या कोअरचे कमांडर हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ‘कर्नल ऑफ द रेजिमेंट’ही होते. महाराज काही देव नव्हेत, रेजिमेंटचे ते दैवत आहेत, आणि चीनसमोर मराठा जवान उभा असताना त्याच्या पाठीशी महाराज उभे राहावेत यात आपल्याला अभिमान वाटला, तो खोटा नव्हता. पण चुशूलच्या स्थानिक लोकप्रतिनिधीने तेव्हाच विचारले होते, की इथल्या लोकांना न विचारता, इथल्या निसर्गाशी आणि इतिहासाशी संबंध नसलेला पुतळा इथे का? आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांत हा प्रश्न आतल्या पानावरही नीट आला नाही. पुतळा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये असता, पलटणीच्या लायनीत असता, तर मी हा परिच्छेद लिहिला नसता; तिथे तो जवानांचा आहे. सरोवराच्या उघड्या काठावर तो एका कमांडरच्या रेजिमेंटचा होतो आणि तो कमांडर बदलून गेल्यावरही राहतो. उद्या त्याच कोअरवर शीख रेजिमेंटचा किंवा गढवाल रायफल्सचा कर्नल आला आणि त्यानेही आपले दैवत तिथे आणायचे ठरवले, तर त्याला नाही म्हणायला आपल्याजवळ कोणते कारण उरेल? चित्रकूटविषयी नाक मुरडणाऱ्या आणि पँगाँगविषयी छाती फुगवणाऱ्या मराठी सुशिक्षितांना हा प्रश्न अवघड जाईल, आणि पुढचे लेख वाचताना त्यांनी तो हाताशी ठेवावा अशी माझी विनंती आहे.